चिठ्ठी नसलेला माग

तिच्यात नावं ठेवायला जागाच नव्हती, आणि पहिल्या दिवसापासून मला राग आला तो याचाच. उशिरा येणारी असती, गचाळ अक्षराची असती, गेलाबाजार मोठ्यानं शिंकणारी असती, तरी मी तिला सांभाळून घेतलं असतं. पण ही मंद्रूपहून सकाळच्या एस.टी.नं यायची, आणि मी दोन गल्ल्या ओलांडून चपला घाशीत पोचायच्या आत माझंसुद्धा टेबल पुसून बसलेली असायची. वर हसून विचारायची, "अक्का, च्या झाला का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. च्या झाला होता, पण सांगावंसं वाटायचं नाही.

दुष्काळ ओसरल्यानंतरची ती वर्षं. सोलापुरात मागांची पाहणी निघाली होती. कुठल्या घरात किती माग, ते चालू की बंद, त्यांवर कोण बसतं, हे सगळं घरोघर जाऊन लिहून आणायचं आणि त्यावरून विणकरांना स्वस्त सूत मिळायची कार्डं द्यायची, असा बेत होता. लिहून आणणारे वेगळे. आम्ही ते तपासणारे. शुक्रवार पेठेत एका किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. खाली मिरच्यांची पोती उघडली की वर आम्ही सगळे खोकायचो आणि साहेब खिडक्या लावायला सांगायचे, मग उकाड्यानं जीव जायचा.

कागदांची रचना सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकेका घराचं एक मोठं खाकी पाकीट. पाकिटावर घराची माहिती, घरातल्या माणसांची यादी आणि माग किती ते. पाकिटाच्या आत दर मागाचं एक घडीचं पान; त्यावर माग कसला आणि चालू की बंद. आणि त्या घडीच्या आत, मागावर बसणाऱ्या दर माणसाची एक चिठ्ठी. त्याचं वय, तो घरचा की बाहेरून येतो, किती वर्षं विणतो. डब्यात डबा, त्यात आणखी एक डबी. ज्याची चिठ्ठी त्याला कार्ड, असा सरळ हिशेब. आम्ही पास केलेलं पाकीट पुण्याला जायचं, तिथं त्याची भोकं पाडलेली कार्डं व्हायची आणि मशीन ती मोजायचं. साहेब रोज एकदा तरी म्हणायचे, "मशीनला लाज नसते. तुम्ही चूक पाठवली तर ते चूकच मोजणार, तेही घाईघाईनं."

तपासायचे नियम पुण्याहून आले होते. पाकिटावर दोन माग लिहिले असतील तर आत पानं दोनच पाहिजेत. माग बंद असेल तर घडीत चिठ्ठी असता कामा नये. चिठ्ठीवर 'घरचा' असं असेल तर त्याचं नाव पाकिटावरच्या यादीत सापडलं पाहिजे. प्रत्येक चिठ्ठीवरचं वय चौदाच्या वर पाहिजे, आणि विणायची वर्षं वयापेक्षा कमी पाहिजेत. असे पाच-पंचवीस. हसू नका, तीस वर्षांचा माणूस पस्तीस वर्षं विणतोय असं आम्ही दर आठवड्याला बघायचो.

मी तिथं सगळ्यात जुनी. पाच वर्षं या ना त्या पाहणीत नियम पाठ करत आलेली, आणि पाचही वर्षं तात्पुरती. हा शब्द माझ्या घरात रोज ऐकू यायचा. एकतिसावं लागलं होतं, लग्न झालं नव्हतं, भावाच्या घरी राहत होते. वहिनी शेजारणीला सांगायची, "आमच्या वन्सं जातात की ऑफिसात. तात्पुरत्या जातात." मी आत भांडी आपटायची. त्या वर्षी कळलं की एक जागा कायमची होणार, मुख्य तपासनिसाची. मी मनात त्या जागेवर बसूनसुद्धा घेतलं होतं. खुर्चीला उशी कुठल्या रंगाची शिवायची हेही ठरवलं होतं. माझ्याशिवाय होतं तरी कोण? एक रिटायर झालेले गुरुजी होते, त्यांना जागा नको होती, त्यांना घरातून बाहेर पडायला कारण हवं होतं.

आणि मग ही मंद्रूपची आली.

माझं काम डोळ्यांचं आणि बोटांचं. पाकीट उघडायच्या आधीच मी आतलं घडीचं पान चिमटीत धरून बघायची. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घडी कशी लागते त्यावरून आत किती चिठ्ठ्या आहेत ते मला कळायचं. कुणी शिकवलं नव्हतं. लोक कौतुक करायचे आणि मी "छे, त्यात काय" म्हणून आणखी ऐकायला थांबायची.

तिचं काम वहीचं. लाल कापडी बांधणीची, दोनशे पानी वही. तिनं त्यात चार रकाने आखले होते. पहिल्यात नंबर. दुसऱ्यात पाकिटात काय आहे. तिसऱ्यात उत्तर काय यायला पाहिजे, बरोबर की चूक. चौथ्यात, हे कुणी सांगितलं: पुणं, साहेब, गुरुजी. एक ओळ म्हणजे एक प्रसंग. माग दोन, पानं तीन: चूक: पुणं. माग बंद, आत चिठ्ठी: चूक: पुणं. बाहेरचा विणकर, यादीत नाव नाही: बरोबर: साहेब. एवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण या बाईनं रद्दीतल्या कोऱ्या पाकिटांतून प्रत्येक ओळीचं एक खोटं पाकीट तयार केलं, आत खोटी पानं, खोट्या चिठ्ठ्या, आणि मागं पेन्सिलीनं बारीक नंबर. आणि एका सोमवारी ती खोटी पाकिटं खऱ्यांत मिसळून आमच्या टेबलांवर आली.

कोण तपासलं जात होतं? आम्ही! मी! पाच वर्षांची मी, आणि काल आलेली पोर माझी उत्तरं वहीतल्या तिसऱ्या रकान्याशी ताडून बघत होती.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. गुरुजींची चार चुकली होती, ते हसले. माझी दोन चुकली होती. मी हसले नाही. "आपल्यापैकी कोण कुठं घसरतंय ते आता कळतंय," साहेब म्हणाले, "आणि नवा नियम आला की ही सगळी पाकिटं परत पहिल्यापासून फिरवायची. नवं घालताना जुनं बिघडायला नको. काय डोकं आहे पोरीचं!" ती मान खाली घालून म्हणाली, "डोकं कसलं साहेब, मला पाठ र्‍हात न्हाय, म्हणून लिवून ठेवते." मला तर पाठ राहत होतं! पाठ राहण्याचं कौतुक साहेबांनी पाच वर्षांत किती वेळा केलं होतं? मोजायला बोटं लागली नसती.

मी जळत होते. दुसरा शब्द शोधत नाही. तिच्या अक्षरावर जळत होते, गुरुजी तिच्या डब्यातली शेंगाचटणी मागून घ्यायचे त्यावर जळत होते, दुपारी उन्हातून पाणी भरून आणताना तिचा श्वास लागायचा नाही त्यावरसुद्धा. ती 'हाय', 'न्हाय' बोलायची तर मला वाटायचं आता साहेब तरी नाक मुरडतील. साहेब मुरडायचे नाहीत. उलट दुसऱ्या महिन्यापासून साहेबच कधीकधी 'व्हय' म्हणायला लागले.

सगळ्यात वाईट म्हणजे ती माझ्याशी चांगली वागायची. एकदा दुपारी डबा खाताना म्हणाली, "वडील म्हनले, कायम झालीस तर जा, न्हायतर ह्या उन्हाळ्यानंतर पुरं. तात्पुरत्यासाठी रोज येष्टीचे धक्के कशाला म्हनले. त्यांचं बी बरोबर हाय की." तिनं ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी भाकरी चावत होते. माझ्याशिवाय आणखी कुणाला त्या एका शब्दानं छळलेलं असेल हे मला तोवर सुचलंच नव्हतं. दोन घासांपुरती मी मऊ पडले. मग तिनं डबा झाकला आणि म्हणाली, "पर जागा तुमालाच मिळायची अक्का. तुमच्यावानी हात कुनाचा न्हाय." झालं. माझा मऊपणा तिथंच संपला. मला वाटलं, ही मोठेपणा दाखवतेय. आता कळतं की तिला जे वाटलं ते ती बोलली. पण जळणाऱ्या माणसाला सरळ बोलणं ऐकूच येत नाही.

त्यानंतर आठवड्याभरात ते घडलं.

ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. एक पाकीट उघडं, एक घडी उलगडलेली. "अक्का, हे बघा की. मागावर लिवलंय चालू. आन आत चिठ्ठीच न्हाय. मी सगळे नियम लावून बघितले. प्रत्येक चिठ्ठीवरचं वय चौदाच्या वर हाय का, व्हय, कारन चिठ्ठीच न्हाय तर खालचं कोन असनार? प्रत्येक घरच्याचं नाव यादीत हाय का, त्ये बी व्हय. सगळ्यात बसतंय. पर मला कायतरी खटकतंय. हे बरोबर धरायचं का चूक?"

मला एका क्षणात कळलं. खरं म्हणजे मला ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. आमच्या गल्लीत माग होते. लहानपणापासून मला सवय, मागाचा खडखडाट थांबला की आई म्हणायची, "कुणाकडं सुतक आलंय बघा." घरात माणूस गेलं की तेरा दिवस मागाला हात लावायचा नाही. अशा दिवसांत लिहिणारा माणूस दारात येऊन विचारतो, माग चालू आहे का? घरचे म्हणणार, चालूच आहे, बंद कशाला असेल. त्यावर कोण बसतं? आता कुणी नाही. मग तो बापडा 'चालू' लिहितो, घडी रिकामी ठेवतो आणि पुढच्या दारी जातो. नंतर परत यायचं असतं त्याला, येत नाही. तेराव्यानंतर त्या मागावर दोन-तीन माणसं परत बसतात, आणि त्यांची चिठ्ठी कुठंच नसते, म्हणजे कार्डही नाही. पुण्याच्या नियमात 'प्रत्येक चिठ्ठी' असं आहे, 'एक तरी चिठ्ठी' कुठंच नाही. पुण्याच्या साहेबाला सुतकात थांबलेला माग काय ठाऊक! माझ्या चिमटीला ठाऊक होता. 'चालू' मागाची अशी पातळ घडी लागली की मी गुपचूप बाजूला काढून लिहिणाऱ्याकडं परत पाठवायची. वहीत नाही, नियमात नाही, फक्त माझ्या बोटांत.

आणि ती उभी होती, पेनाचं टोपण दातात धरून. तिच्या दोनशे पानी वहीत नसलेली एकच गोष्ट माझ्याकडं होती, आणि नेमकी तीच ही पोर मागत होती. ही दिली की माझ्याकडं काय उरलं? उद्या ती ओळ आखणार, खोटं पाकीट करणार, सोमवारी गुरुजीसुद्धा पातळ घडी ओळखायला लागणार, आणि साहेब म्हणणार, काय डोकं आहे पोरीचं.

"बरोबर धर की," मी म्हणाले. "नियमात बसतंय ना सगळं? माग धडधाकट आहे म्हणून चालू लिहिलंय. माणूस नसेल ठेवलेला. असतात असे."

"असतात व्हय?" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बरं झालं इचारलं. तुमी सांगितलं म्हंजे झालंच." आणि तिथंच, माझ्या टेबलाच्या कडेवर वही टेकवून, तिनं ती ओळ लिहिली. मी वाचलं नाही. मला वाचायचं नव्हतं.

एवढंच. ना आवाज चढला, ना काही फाटलं. त्या दिवशी मी घरी जाताना बाजारातून भाजी घेतली, वहिनीशी धड बोलले, आणि रात्री झोपही लागली. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक म्हणतात वाईट केलं की झोप येत नाही. मला आली.

पंधरा दिवसांनी पुण्याहून मोठे साहेब आले. जागा कुणाला द्यायची ते एकाच दिवसात ठरवायचं होतं. त्यांनी रीत सरळ ठेवली: चाळीस पाकिटांचा एक गठ्ठा त्यांनी आधी त्या त्या घरी माणूस पाठवून, खातरजमा करून आणला होता, आणि त्यांत चौदा पाकिटं चुकीची होती. किती चुकीची हे आम्हाला नंतर कळलं. आधी गठ्ठा मला, मग तोच तिला. कुणाची किती सापडतात बघायचं.

म्हणजे तिच्याच वहीची युक्ती, साहेबांनी पुण्याला कळवलेली. आधी उत्तर ठरवलेलं, मग पाकीट माणसासमोर. मला परत चीड आली. चाळीस पाकिटं मी एक एक चिमटीत धरून घेतली. तीन पातळ लागली. तीनही बाजूला काढली.

ती माझ्या नंतर बसली. भराभर. ओठ हलत होते तिचे, एकेका नियमाबरोबर. माझ्याहून पाऊण तास कमी वेळात संपवलं तिनं.

निकाल मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोरच वाचला. चौदापैकी माझी बारा सापडली होती. दोन राहिली होती. दोन्हीत विणायची वर्षं वयाशी जुळत नव्हती, आकडा सगळ्यात आतल्या चिठ्ठीवर होता, आणि माझी नजर वरच्या पानावरून घसरून गेली होती. तिची अकरा सापडली होती. माझी राहिलेली दोन्ही तिनं पकडली होती. तिची राहिलेली तीन म्हणजे ती पातळ.

बारा आणि अकरा. मी मनात वजाबाकी करत होते. ती तीन तिला ठाऊक असती तर तिची चौदाच्या चौदा झाली असती.

"तिन्ही एकाच जातीच्या चुका," मोठे साहेब तिला म्हणाले. आवाज रागाचा नव्हता, नवल वाटल्याचा होता. "बाकी तू एकही सोडली नाहीस. मग या तीन डोळ्यांदेखत पास कशा केल्यास? घडी रिकामी दिसली नाही का?"

"दिसली की साहेब."

"मग?"

"माझ्या वहीत तसलं बरोबर म्हनून लिवलंय."

आमचे साहेब पुढं झाले. त्यांना तिच्या वहीचा अभिमान होता, त्यांचा चेहरा पडला होता. "वहीत? कुणी सांगितलं तसं? चौथ्या रकान्यात असेल ना तुझ्या. आण बघू वही."

तिनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्यात राग असता तर मी तिथंच भांडायला उठले असते, मला भांडणं जमतं. राग नव्हता. एखादी बेरीज चुकल्याचं शोधत असताना माणूस आकड्याकडं बघतो तसं बघितलं आणि तिला ती चूक सापडली. मला दिसलं सापडताना.

"वही आज घरी र्‍हायली साहेब," ती म्हणाली.

वही तिच्या पिशवीत होती. पिशवी तिच्या खांद्याला होती आणि लाल कापडाची कड वर दिसत होती, मला जिथं बसले होते तिथून दिसत होती. तिनं कोपरानं पिशवी अंगाशी दाबली. मी म्हणू शकत होते, साहेब, मी सांगितलं होतं. पाच शब्दसुद्धा लागत नव्हते. मी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. काच स्वच्छच होती.

"हुशार आहे," मोठे साहेब आमच्या साहेबांना म्हणाले, "पण नियमच चुकीचा धरून बसली. तपासनिसाचं तेच चालत नाही." आणि मग माझ्याकडं वळून, "तुम्हाला कसं कळलं हो, घडी न उघडता?" मी चिमूट करून दाखवली, सुतकात थांबलेल्या मागाचं सगळं सांगितलं, अगदी रंगवून. सगळे ऐकत होते. तीही ऐकत होती, दारापाशी उभी राहून, इतकी मन लावून की मला सांगताना दोनदा अडखळायला झालं.

महिनाअखेरीला तिचा शेवटचा दिवस होता. गुरुजींनी सगळ्यांना भजी आणली. जाताना ती माझ्या टेबलाशी आली, पिशवीतून वही काढली आणि ठेवली. "अक्का, ही तुमास्नी. नवी मानसं येतील, त्यास्नी शिकवायला लागंल." मी म्हणाले, "तुझी आहे, राहू दे." ती म्हणाली, "मला घरी काय करायचीय? ज्वारी तपासू?" आणि हसली. खरोखर हसली. एस.टी. चुकेल म्हणून पायऱ्या भरभर उतरली. खाली दुकानातल्या कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

घरी वहिनीनं शेजारणीला बोलावून पेढे दिले. "आमच्या वन्सं कायम झाल्या," म्हणाली. पाच वर्षं त्या शब्दासाठी कान टवकारले होते. ऐकला, आणि पेढा काही गोड लागला नाही.

वही मी आठ दिवस उघडली नाही. पहिलं काम दुसरंच होतं. मी खोटं सांगितल्यापासूनच्या पंधरा दिवसांत तिच्या टेबलावरून पास झालेली पाकिटं अजून पुण्याला जायची होती. मी गठ्ठे सोडले, चिमटीत धरत गेले. अकरा पातळ निघाली. लिहिणाऱ्या माणसाकडं पाठवायची सोय नव्हती, त्याचं काम संपून तो गावी गेला होता, म्हणून त्या अकरा घरी मी स्वतः गेले. शहराच्या पूर्व भागातल्या त्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरांतून माझ्यासाठी पाट टाकले, पाणी दिलं. एका म्हातारीनं मागावरून न उठता विचारलं, "मग आधी का नाही आला? आम्ही हितंच होतो की." मी चिठ्ठी लिहिली. वय बासष्ट, विणायची वर्षं पन्नास. नियमात बसत होतं.

मग वही उघडली. ती ओळ मला शोधावी लागली नाही, वही तिथंच उघडायची, इतकी ती तिथं दाबली गेली होती. आमच्या ऑफिसात चूक खोडायची एक सक्त रीत होती. खाडाखोड नाही, रबर नाही, वर कागद चिकटवणं नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बरोबर ते वर लिहायचं. म्हणजे कुणी पुढं बघितलं तर आधी काय होतं तेही कळावं. तिनं रीत पाळली होती. पट्टी लावून.

दुसऱ्या रकान्यात: माग चालू, आत एकही चिठ्ठी नाही. तिसऱ्यात 'बरोबर' आणि त्यावर रेघ, वर 'चूक'. चौथ्यात, रेघेखाली 'अक्का'. आणि त्याच्या वर, निकालाच्या दिवशी मी सगळ्यांना जे रंगवून सांगितलं होतं ते ऐकून, नव्यानं लिहिलेलं: 'अक्का'. बाजूला बारीक अक्षरात, 'घडी चिमटीत धरून बघणे. सुतक इचारणे.'

दोन्हीकडं माझंच नाव. शेवटच्या दिवसाच्या आधी कधीतरी, घरी बसून, पट्टी लावून तिनं हे लिहिलं होतं. वही फाडली नाही, पान फाडलं नाही. आपली नोकरी ज्या ओळीत गेली ती ओळ तिनं दुरुस्त केली, कारण ती चुकीची होती. मला रडू यायला हवं होतं. आला तो हेवाच. आधी तिच्या अक्षराचा होता, डोक्याचा होता. आता ज्याचा आला ते मला कुठल्याच वहीतून शिकता येणार नव्हतं. एवढी जळले नव्हते मी कधी. अजूनही जळते, आणि आता ती समोर नाही.

ती पुढं मंद्रूपलाच कुठं शाळेत लागली असं कुणीतरी म्हणालं. खरं की खोटं ते मी कधी तपासलं नाही. माझा धंदाच तपासायचा, आणि एस.टी.नं तासाभराचा रस्ता.

त्या खुर्चीवर मी पुढं पुष्कळ वर्षं बसले. एकामागून एक पाहण्या आल्या, आणि दर वेळी नवी माणसं मी त्याच लाल वहीवरून तयार केली. खोटी पाकिटं झिजली की नवी करायची, ओळी त्याच. पोरं हुशार असायची. त्या ओळीशी आली की प्रत्येक वेळी कुणीतरी बोट ठेवायचंच. "अक्का, इथं खाली आधी 'बरोबर' लिहिलंय. आणि तेही तुम्हीच सांगितलेलं. असं कसं?"

मी म्हणायची, "चुकून."

पोरं मान डोलवायची आणि पुढच्या ओळीला लागायची. त्या अख्ख्या वहीत माझं तेवढंच एक उत्तर कुणी कधी तपासलं नाही.